सरपंचपद गावकीच्या मालकीचं नाही: आमच्या गावच्या पंचमंडळींना खुलं पत्र

प्रति,
गावकीची सर्व पंचमंडळी आणि यात्रा कमिटी,
सादर नमस्कार.

वडीलधाऱ्या माणसांना असं चारचौघांत पत्र लिहिणं आपल्याकडे बरं दिसत नाही, हे मला माहीत आहे. आपल्यापैकी कितीतरी जण समोर आले की आजही मी डोक्यावर पदर घेते, आणि त्यात दिखावा नाही. पण मागच्या आठवड्यात देवळात जे ठरलं ते साऱ्या गावाच्या हक्काचं होतं, आणि ते ठरवताना गावातल्या निम्म्याहून अधिक माणसांना कुणी विचारलं नाही. एकेकाच्या घरी जाऊन बोलून पाहिलं. "गावानं ठरवलंय, आता बदलत नाही," एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

सरपंचपद यंदा सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव निघालं. सोडत झाल्यावर सभामंडपात बैठक बसली. बैठकीत एकही बाई नव्हती. आम्ही ती ऐकली ती ओसरीवर बसून, कारण आरतीचा कर्णा बंद करायचा राहून गेला होता. सभामंडपाचं काम अडलंय, जो जास्त देणगी देईल त्याच्या घरात सरपंचपद, असं जाहीर झालं. बोली अडीच लाखांपासून सुरू झाली आणि अकरा लाखांवर थांबली. एकवार, दोनवार, तीनवार झालं आणि नारळ फुटला. बोली लावणारे सगळे पुरुष. सरपंच म्हणून जी बाई पाच वर्षं बसणार तिचं नाव शेवटपर्यंत कर्ण्यावरून ऐकू आलं नाही. "अमक्याच्या घरात गेलं" एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर नऊ सदस्यांच्या जागा भावकीवार वाटल्या. कुठल्या भावकीला दोन, कुठल्या भावकीला एक. वस्तीतल्या लोकांची राखीव जागा "त्यांना दिली" असं सांगितलं. ती जागा कायद्यानं त्यांचीच आहे, आपण काय दिलं? आणि मग परातीत बेलभंडारा आला. आपल्या घरातलं कुणी अर्ज भरणार नाही, अशी प्रत्येक कर्त्या पुरुषाकडून शपथ घेतली. आमच्या ह्यांच्या हातावरही भंडारा ठेवला. अर्ज भरायचा की नाही हा निर्णय माझा, शपथ मात्र त्यांच्याकडून घेतली. त्या रात्री ते जेवले नाहीत. देवाचा शब्द मोडायचा की बायकोचा, असा पेच आपण एका साध्या माणसापुढे टाकलात, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

माझा यात काय संबंध, तेही उघड सांगते. मला सरपंचपदासाठी उभं राहायचं आहे. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं, सगळी तयारी मी सोडतीनंतर लगेच केली होती. आमच्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं. दर महिन्याला वही मधे ठेवतो, जमा-खर्च वाचतो, जिला लिहिता येत नाही तीसुद्धा आपला हप्ता तोंडी मोजून मगच अंगठा लावते. कुणी कुणाचा अंगठा लावत नाही. वरच्या आळीला नळाचं पाणी जेमतेम वीस मिनिटं येतं, आणि खाली टाकी भरून वाहते, हा विषय आम्ही ग्रामसभेत कितीदा मांडला. त्यावर ठराव झाला नाही. ग्रामसभेचं रजिस्टर शिपायानं दुसऱ्या दिवशी घरोघर फिरवून सह्या घेतल्या, आणि कोरम भरल्याची नोंद झाली. हे बदलायचं म्हणून मला उभं राहायचं आहे. लोकांना मी नको असेन तर ते मला पाडतील, त्याचं मला वाईट वाटणार नाही. पण नको म्हणायचा अधिकार लोकांचा आहे.

आता मुद्द्याचं बोलते.

आपला शब्द गावात चालतो, आणि तो का चालतो हेही मी पाहिलं आहे. बांधाचं भांडण कोर्टात गेलं तर दोन पिढ्या तारखा खातात, ते आपण पारावर एका संध्याकाळी मिटवता. यात्रेत काठीचा मान कुणाचा, पालखी कुठून वळायची, मयताच्या घरी पहिल्या दिवशी चूल कुणी पेटवायची, यातलं काही कागदावर नाही, तरी सुरळीत चालतं. हा परंपरेचा अधिकार आहे. गाव मानतं म्हणून तो आहे आणि मीही मानते. दुसरा अधिकार माणसाच्या अंगच्या गुणांचा असतो. एखाद्याच्या मागे लोक आपोआप जातात, त्याच्या हातात पद असो वा नसो. तिसरा कायद्याचा. कॉलेजात राज्यशास्त्राच्या तासाला मॅक्स वेबर या जर्मन विचारवंताच्या नावावर हेच तीन प्रकार शिकले होते. तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले, त्यांचा अर्थ गावात नांदायला आल्यावर लागला.

ग्रामपंचायत या तिसऱ्या प्रकारातली आहे. ती घरपट्टी बसवते, पाणीपट्टी वसूल करते, वित्त आयोगाचा निधी खर्च करते, दाखले देते, सरपंचाच्या सहीनं पैसे निघतात. ही ताकद तिला पारानं दिलेली नाही, देवळानंही नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं ती दिली, आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं तिला राज्यघटनेचा आधार मिळाला. त्या घटनेप्रमाणे पंचायतीच्या जागा थेट निवडणुकीनं भरायच्या आहेत आणि गावातली ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतली सगळी माणसं. यादीत मी आहे, माझ्या सासूबाई आहेत, वस्तीतली ऊसतोडीला गेलेली माणसं आहेत. आपणही त्याच यादीत आहात, एकेक मत घेऊन. सरपंचाचा अधिकार तिथून येतो. जे आपल्या मालकीचं नाही त्याची बोली आपण कशी लावलीत?

नुसती ताकद असून भागत नाही, ती रीतसर कुठून आली हे दाखवावं लागतं, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. शिवाजी महाराजांकडे किल्ले होते, फौज होती, मुलूख होता, तरी १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करून घ्यावा लागला, कारण त्याशिवाय इतर सत्ता त्यांना राजा म्हणून मानायला तयार नव्हत्या. पुढे पेशव्यांच्या हातात सगळा कारभार आला, पुण्यातून हुकूम सुटू लागले, तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. आणि आपण ज्या गावकीचा वारसा सांगता तिचे जुने महजर, म्हणजे गोतसभेनं (गावाच्या न्यायसभेनं) केलेल्या निवाड्यांचे कागद, कुणी बघावेत. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, खाली बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या. निवाडा टिकायचा तर कोण कोण हजर होतं, कुणाकुणाची संमती होती, हे त्या काळीही नोंदवावं लागे. आपल्या बैठकीची एका ओळीची नोंद नाही. अकरा लाखांची पावती नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या गोतसभेपेक्षाही आपण मागे गेलो.

त्या गोतसभेत बायका नव्हत्या आणि पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची, हेही विसरता येत नाही. म्हणून तर ती मोडली. महाराष्ट्रात मुलकी पाटलाचं वंशपरंपरेचं पद १ जानेवारी १९६३ पासून कायद्यानं संपलं. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी ते पाहिलं असेल. आता भावकीवार जागा वाटून आपण तेच मागच्या दारानं परत आणता आहात.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकर खेड्यांबद्दल फार कठोर बोलले होते. मसुद्यानं गाव हे एकक सोडून व्यक्ती हे एकक धरलं, याचं त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते लागलं, गावात वाढलेली मुलगी मी. कर्ण्यावरून "गावानं ठरवलं" ऐकलं तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. ठरवलं चाळीस-पन्नास पुरुषांनी. वस्तीतून दोन माणसं बोलावली होती, ती पायरीजवळ उभी होती. बायका घरात. पोरं पुण्याला कामावर. तरी नाव गावाचं.

माझ्या तक्रारी अशा.

पहिली तक्रार पैशाची. अकरा लाख देऊन जो घराला सरपंचपद नेतो, तो पुढची पाच वर्षं कुणाला हिशेब देणार? उद्या मी ग्रामसभेत उभी राहून टाकीचं बिल मागितलं तर तो म्हणेल, मी तुमच्या मतावर आलेलो नाही, देवाला पैसे भरून आलो आहे. त्याचं चुकलं असं आपण कुठल्या तोंडानं म्हणणार? आणि ते अकरा लाख तो खिशातून घालेल आणि विसरून जाईल, यावर गावातल्या लहान पोराचाही विश्वास बसणार नाही. ते गटारीच्या कामातून निघतील, दिव्यांच्या बिलातून निघतील. सभामंडपाची फरशी शेवटी आपल्याच घरपट्टीतून बसेल.

दुसरी तक्रार शपथेची. भारतीय न्याय संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण आहे, कलम १६९ पासून पुढे. उभं राहणं, उभं न राहणं, अर्ज मागे घेणं हे सगळं मतदानासारखंच निवडणुकीच्या हक्कात धरलं आहे. त्या हक्कासाठी पैसे किंवा मोबदला देणं-घेणं लाचखोरी. आणि तू असं केलंस तर देवाचा कोप होईल, अशी समजूत उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या मनात घालणं हा गैरवाजवी दबाव. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा करणाऱ्यांना बेलभंडारा माहीत होता असंच वाटतं. खंडोबा आपल्या सगळ्यांचा आहे. त्याच्या भंडाऱ्यानं माणसांची तोंडं बंद करायची नसतात.

तिसरी तक्रार बायकांची, आणि ती मी थोडक्यात सांगू शकत नाही. १९९३ नंतर गावोगाव एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. यासाठी कितीजणी झगडल्या. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यात आहे. आपल्या गावात ती कधी झाली, कुणी सांगेल का? मागच्या राखीव वेळी सरपंचबाई सहीपुरत्या कचेरीत यायच्या. खुर्चीवर त्यांचे मालक बसायचे आणि त्या भिंतीकडच्या बाकावर. ग्रामसेवक कागद आधी मालकांना दाखवायचे, मग बाईंकडे सरकवायचे. मी दाखल्यासाठी गेले होते तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती हुशार बाई आहे. शेतीचा सगळा व्यवहार तिच्या तोंडी असतो. मतं मागत दारोदार फिरली असती, लोकांच्या शिव्या-आशीर्वाद घेऊन निवडून आली असती, तर ती त्या बाकावर बसली नसती. आपण तिला न विचारता तिच्या नावावर पद घेतलंत, आणि तिच्या हातात काहीच उरलं नाही. यंदा पुन्हा तेच होणार.

चौथी तक्रार तरुण पोरांची. मागची निवडणूकही बिनविरोध झाली. म्हणजे गावात चोविशी-पंचविशीतली अशी पोरं आहेत ज्यांनी लोकसभेला बोटाला शाई लावली, विधानसभेला लावली, पण स्वतःच्या गावच्या पंचायतीला आजवर एकदाही मत दिलेलं नाही. बिनविरोध झाली की नोटाचं बटणसुद्धा त्यांच्यापुढे येत नाही. नापसंती दाखवायलाही जागा नाही.

आपली बाजूही मी ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. निवडणुकीत भावकी फुटते. मागे एकदा दोन सख्ख्या भावांनी एकमेकांचं पाणी तोडलं ते मला आठवतं. रात्री जेवणावळी होतात, बाटल्या वाटतात, पोरं बिघडतात. हे सगळं थांबायलाच पाहिजे. पण भांडण नको म्हणून मतच नको, हा उपाय मला मान्य नाही. बाटली वाटणाऱ्याला आपण पाराच्या जोरावर अडवू शकता, तो आपला हक्काचा अधिकार आहे, तिथे वापरा. सगळं गाव आपल्या मागे उभं राहील.

बिनविरोध चालणारं आदर्श गाव म्हणून नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण बैठकीत दिलं म्हणे. तिथले कारभारी पोपटराव पवार यांच्या मागे ते गाव तीस वर्षं उभं राहिलं ते पाणलोटाच्या कामामुळे. तिथे पद बोलीवर गेलं नव्हतं. आणि एक गोष्ट बैठकीत कुणी सांगितली नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्याच हिवरे बाजारात तीन दशकांनी मतदान झालं, समोर उमेदवार उभे राहिले, आणि पवारांच्या पॅनेलनं सगळ्या जागा जिंकल्या. गाव मोडलं नाही. उलट त्यांचा मान मतपेटीतून पुन्हा पक्का झाला.

खरी सहमती बघायची तर गडचिरोलीतल्या मेंढा गावाचं बघा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गोंड आदिवासी गावाची. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेते, बायका बरोबरीनं बसतात, आणि एखाद्याला पटलं नाही तर त्याला पटेपर्यंत चर्चा चालू राहते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क कायद्यानं मान्य झाला, तो अशा सभांच्या बळावर. आपल्या बैठकीत पटलं नाही म्हणणाऱ्याच्या हातावर भंडारा ठेवला.

शेवटचं, आमदारांनी बिनविरोध गावाला निधी देऊ म्हटलं आहे. निधी लोकांच्या कराचा आहे. तो आपलं मत सोडून देण्याच्या बदल्यात मिळणार असेल तर मला नको.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. जानेवारी २०२१ मध्येच नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन गावांत सरपंच-सदस्यपदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं, पैसा मंदिरासाठी होता. राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. देवाच्या कामासाठी होतं हे कारण तिथे चाललं नाही. आपल्या गावाचं नाव तसं राज्यभर जावं असं मला वाटत नाही, म्हणून कचेरीत जाण्याआधी आपल्याला लिहिते आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

सभामंडपातली बोली रद्द झाली, असं यात्रा कमिटीनं त्याच कर्ण्यावरून जाहीर करावं. कुणाकडून आगाऊ पैसे घेतले असतील तर ते परत करून तसं लिहून लावावं. बेलभंडाऱ्याच्या शपथेतून सगळ्यांना मोकळं केल्याचं आपण स्वतः, देवासमोर, सांगावं. हे आपल्याशिवाय कुणी सांगितलं तर माणसांच्या मनातली भीती जाणार नाही. जागांची भावकीवार वाटणी मागे घ्यावी आणि ज्याला-जिला उभं राहायचंय त्यांना राहू द्यावं. मतदानापर्यंत दारू आणि जेवणावळी होणार नाहीत, याची जबाबदारी पंचमंडळींनी घ्यावी. आणि निवडणुकीनंतरची पहिली ग्रामसभा महिलांची सभा आधी घेऊन, सह्यांचं रजिस्टर घरोघर न फिरवता, समोरासमोर व्हावी.

सभामंडप व्हायलाच पाहिजे. त्यासाठी उघड वर्गणी काढा, पावती पुस्तक छापा, हिशेब देवळाच्या भिंतीवर लावा. आमच्या गटातल्या बायकांनी वर्गणी देण्याचं आधीच ठरवलं आहे, आणि वरच्या आळीत पावत्या फाडायचं काम आम्ही करू.

सोमवारपासून अर्ज भरायला सुरुवात होते. बुधवारी सकाळी मी तहसील कचेरीत जाऊन सरपंचपदासाठी माझा अर्ज भरणार आहे. ज्यांच्या घरात बोली गेली त्या ताईंनीही जरूर भरावा, आणि स्वतः भरायला यावं. मंगळवार संध्याकाळपर्यंत बोली रद्द झाल्याचं जाहीर झालं नाही, तर त्या रात्रीच्या बैठकीची सगळी हकिकत मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना आणि राज्य निवडणूक आयोगाला लेखी कळवणार आहे.

आपली,
गावची सून, प्रभाग क्रमांक दोनची मतदार